प्रजागर, निद्रानाश आणि ‘झोप लागणे’ : एका व्याधीच्या शब्दांचा इतिहास

आजच्या वैद्यकीय मराठीत ‘इन्सोम्निया’ या संज्ञेला ‘निद्रानाश’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे थांबून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः हा शब्द मराठीने आधुनिक काळात घडविलेला नाही. तो सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांतून जसाच्या तसा उचललेला आहे. घरात, ओसरीवर, गिरणीच्या चाळीत झोपेविषयी मराठी माणूस जे बोलत आला, त्या बोलण्याशी या शब्दाचा संबंध पुष्कळ विरळ आहे. व्याधीला जे नाव मिळते त्यावरून रोगी आपल्या अवस्थेची कल्पना करतो, आणि त्या कल्पनेवर या व्याधीच्या बाबतीत तरी उपचाराचे यशापयश बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून झोप न येण्याच्या शब्दांचा इतिहास हा केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रारंभ सर्वांत जुन्या शब्दापासून करू. संस्कृतातील ‘स्वप्न’ या शब्दाचा मूळ अर्थ झोप हाच होय. ग्रीक ‘हुप्नोस’ आणि लॅटिन ‘सोम्नस’ हे त्याचेच सहोदर होत, आणि ‘इन्सोम्निया’ या शब्दाच्या पोटात तोच ‘सोम्नस’ दडलेला आहे. चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, आहार, स्वप्न व ब्रह्मचर्य. तेथे ‘स्वप्न’ म्हणजे झोप, रात्री दिसणारे दृश्य नव्हे. वातविकारांची जी ऐंशीची यादी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात येते, तीत झोप न येण्याला ‘अस्वप्न’ असे नाव आहे. मराठीत या शब्दाचा निम्माच अर्थ उतरला. ‘स्वप्न’, ‘सपन’, ‘सपान’ ही रूपे आपण केवळ दिसणाऱ्या स्वप्नासाठी वापरतो. हिंदीने त्याच धातूपासून ‘सोना’ हे क्रियापद राखले. मराठीने मात्र झोपण्याच्या क्रियेसाठी वेगळे शब्द पसंत केले. त्यामुळे ‘अस्वप्न’ हा शब्द आज कोणी योजलाच, तर मराठी वाचक त्याचा अर्थ ‘ज्याला स्वप्न पडत नाही तो’ असा करील.

दुसरा शब्द ‘प्रजागर’. महाभारताच्या उद्योगपर्वातील एका उपपर्वाचे नावच प्रजागरपर्व आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत सुशीलकुमार डे यांनी संपादिलेले उद्योगपर्व १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ३३ व्या अध्यायापासून हा भाग सुरू होतो. विदुरनीती म्हणून तो सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु ही नीती सांगितली जाते ती कोणत्या प्रसंगी, हे वाचक बहुधा विसरतो. पांडवांकडून परत आलेला संजय धृतराष्ट्राची निर्भर्त्सना करतो आणि निरोप उद्या सभेत सांगेन म्हणून निघून जातो. राजाला झोप येईना. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर प्रथम विचारतो तो प्रश्न एखाद्या चतुर वैद्याला शोभेल असा आहे. बलवानाने ज्याच्यावर चाल केली आहे असा साधनहीन दुबळा, ज्याचे धन गेले तो, कामातुर आणि चोर, इतक्या जणांना प्रजागर ग्रासतो. आपण यांपैकी कोण, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. धृतराष्ट्राला परधनाचा लोभ तर झाला नाही ना, अशीही विचारणा त्यात आहे. येथे प्रजागर हा देहाचा विकार नाही. तो कर्माच्या व चिंतेच्या पोटी जन्मतो आणि बाहेरून माणसात प्रवेश करतो. विदुराचे औषध म्हणजे आठ अध्यायांचा उपदेश. त्या रात्री राजाला झोप लागल्याचे व्यासांनी कोठे सांगितलेले नाही!

आयुर्वेदाची दृष्टी याहून निराळी आणि अधिक कुतूहलाची आहे. चरकाच्या मते मन थकले आणि थकलेली इंद्रिये विषयांपासून परतली, की माणूस झोपतो. झोप ही मिळविण्याची वस्तू नसून निवृत्तीचे फळ आहे, हे या विवेचनाचे मर्म होय. सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात झोप न येण्याची कारणे दिली आहेत, त्यांत भय, चिंता, क्रोध, धूम, उपवास, अतिव्यायाम, रक्तमोक्षण आणि अस्वस्थ शय्या ही एका रांगेत येतात. वय, रोग, प्रकृती, कामाचा व्याप हीही कारणे पुढे सांगितली आहेत. देहाची व मनाची कारणे वेगळी काढण्याची घाई चरकाला नाही. उपायांतही तोच प्रकार: अभ्यंग, उटणे, स्नान, दूध, दही-भात, स्निग्ध पदार्थ, मांसरस, मद्य, अंग रगडणे, प्रिय गंध व शब्द, सुखकर अंथरूण, योग्य वेळ आणि मनाचे सुख. मद्याची शिफारस आजचा वैद्य करणार नाही. मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु रात्रीच्या उत्तरार्धातील झोप तुटक होते, हे आता प्रयोगशाळांतून नि:संशय सिद्ध झाले आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात ही यादी पुन्हा दिली, पण तिच्यात एक शब्द असा घातला आहे की त्यावर क्षणभर थांबावे. तो शब्द ‘कृतकृत्यता’. दिवसाचे काम पुरे केल्याची भावना ही त्याने दूध व तेल यांच्या पंक्तीला बसविली आहे. संतोषाने तृप्त झालेल्या माणसाची झोप आपली वेळ चुकवीत नाही, असेही तो सांगतो. याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, ही गोष्ट मराठी वाचकाला अगत्याची वाटेल. राज्यकारभाराचे हिशेब ज्याच्या शिरावर होते त्याने झोपेच्या प्रकरणावर भाष्य लिहावे, यात एक गंमत आहे.

याच अध्यायात, सवय नसता जागरण घडले तर जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असा नियम आहे. आजच्या निद्राचिकित्सेचे मत याच्या उलट आहे असे कोणी म्हणेल. सकाळी उशिरापर्यंत पडून रात्रीची भरपाई करू नये, हा तिचा पहिला पाठ. परंतु विरोध केवळ वरवरचा आहे. वाग्भट एखाद्या रात्रीच्या जागरणाविषयी बोलतो; आजची चिकित्सा महिनोन्‌महिने चाललेल्या निद्रानाशाविषयी बोलते. ‘जागरण’ आणि ‘निद्रानाश’ हे दोन शब्द संहिताकारांनी वेगळे ठेवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे घोटाळा राहत नाही.

मध्ययुगीन मराठी वाङ्मयाकडे वळल्यावर चित्र एकदम पालटते. संतांची तक्रार झोप येत नाही अशी नसून फार येते अशी आहे. दासबोधाच्या १८ व्या दशकातील नववा समास ‘निद्रानिरूपण’ या नावाचा आहे. घोरणारे, जांभया देणारे, आळोखेपिळोखे देणारे, झोपेत बरळणारे अशा लोकांचे ते वर्णन समर्थांच्या विनोदबुद्धीचा उत्तम नमुना म्हणून दाखविता येईल. निद्रानाश मात्र तेथे औषधालाही सापडत नाही. ‘जागरण’ हा शब्द या काळात व्रताचा व कुलाचाराचा झाला. एकादशीचे जागरण, खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, पहाटेची काकडआरती. रात्र जागून काढणे हे पुण्यकर्म ठरले. घराघरांत जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांची रात्र तर चौथ्या प्रहरीच संपत असे. त्या काळी झोप न येणारी माणसे नव्हती असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे होईल. न येणाऱ्या झोपेला स्वतंत्र व्याधीचे नाव देण्याची निकड समाजाला भासली नाही, एवढेच म्हणता येते.

लोकभाषेचा शब्दसंग्रह हीच साक्ष देतो. झोपेच्या प्रकारांना मराठीत नावांची रेलचेल आहे: डुलकी, पेंग, झापड, गुंगी, तंद्री, ग्लानी, वामकुक्षी, गाढ झोप, सावध माणसाची श्वाननिद्रा आणि पहाटेची साखरझोप. झोप न येण्याला मात्र एकही देशी नाम नाही. तेथे आपण वाक्प्रचारांनी काम भागवितो: डोळ्याला डोळा लागला नाही, रात्र डोळ्यांत काढली, या कुशीवरून त्या कुशीवर झालो, टक्क जागा होतो. हे सारे एकेका रात्रीचे वर्णन आहे, एखाद्या रोगाचे नव्हे. २०१५ मध्ये जेरोम सीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील हाड्झा व सान आणि दक्षिण अमेरिकेतील त्सिमाने या विजेवाचून राहणाऱ्या जमातींच्या झोपेची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांची झोप आपल्याहून फार लांब नाही, सरासरीने सहा-सात तासांच्याच घरात आहे. पण सान व त्सिमाने यांच्या भाषांत निद्रानाशाला शब्दच नाही, असे संशोधकांस आढळले.

रात्रीच्या इतिहासाला अलीकडे जे महत्त्व आले त्याचे श्रेय अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांना द्यावयास हवे. २००१ मधील निबंधात आणि २००५ मधील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, औद्योगिक क्रांतीपूर्वी युरोपात झोप दोन खंडांत घेतली जाई. पहिली झोप, मध्ये तासाभराची शांत जाग, मग दुसरी झोप. टॉमस वेर यांनी १९९२ मध्ये काही निरोगी पुरुषांना रोज चौदा तास अंधारात ठेवले असता त्यांचीही झोप अशी दुभंगली. सीगल यांच्या मोजणीत मात्र अशी नियमित मध्यरात्रीची जाग दिसली नाही. तेव्हा खंडित झोप हाच मानवाचा मूळ स्वभाव, असे म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. लांब हिवाळी रात्रींच्या प्रदेशातील तो एक प्रघात असावा. तरीही या वादातून एक उपयुक्त गोष्ट हाती लागते. मध्यरात्री जाग येणे ही स्वतः आपत्ती नव्हे. त्या जागेपणी मनात जी धास्ती उभी राहते, ती आपत्ती होय.

ही धास्ती घड्याळाबरोबर आली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीची कंपनी १८५४ मध्ये उभी राहिली. १८६५ मध्ये शहराच्या रस्त्यांवर वायुदीप लागले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्तावर थांबेनासा झाला. १९०५ मध्ये चौदा-चौदा तासांच्या कामाविरुद्ध मुंबईच्या कामगारांत जो असंतोष उसळला त्याच्या मुळाशी हे दिवेच होते. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. ‘भोंगा’ आणि ‘रातपाळी’ हे दोन शब्द मराठीला याच जगाने दिले. ‘पाळी’ म्हणजे क्रमाने येणारी वेळ. ती येथे रात्रीला जोडली गेली आणि झोपेचीही पाळी ठरली. गिरणगावातील एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे कामगार आळीपाळीने अंग टाकीत. पूर्वी झोप येईल तेव्हा येई. आता ती भोंग्यापूर्वी पुरी होणे आवश्यक झाले. ठराविक वेळेत झोप न आल्यास उद्याची मजुरी धोक्यात येणार, हा हिशेब अंथरुणात शिरला. गिरण्या आता उरल्या नाहीत, परंतु हा हिशेब रात्रपाळीच्या कार्यालयांतून आणि रुग्णालयांतून तसाच चालू आहे.

याच चाळींत ‘बाळगोळी’ हा आणखी एक शब्द प्रचारात होता. कामावर जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची गोळी देई, म्हणजे ते तिच्या गैरहजेरीत निजून राही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांनी व सरकारी चौकशी समित्यांनी या प्रथेची वारंवार दखल घेतली. तिच्याविषयी त्या मातांना दोष देणे सोपे आहे. पण झोप विकत आणण्याचा तोच मार्ग सुशिक्षित जगानेही धरला होता, फक्त त्याची वेष्टने अधिक देखणी होती. १८६९ मध्ये ऑस्कर लीब्राइख यांनी बर्लिनमध्ये क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आणले. १९०३ मध्ये एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनी व्हेरोनल पुढे केले, १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले. या बार्बिट्युरेट वर्गाने असंख्य लोकांना झोप दिली, तशी सवयही लावली आणि अधिक मात्रेने पुष्कळांचे प्राणही घेतले. १९६० नंतर बेन्झोडायझेपिन गटाची औषधे तुलनेने निर्धोक म्हणून त्यांच्या जागी आली, आणि काही वर्षांतच त्यांचीही सवय लागते असे दिसून आले. सर्पगंधा या आपल्या वनस्पतीची कथा थोडी वेगळी आहे. बिहारकडे ती वेड व झोप यांसाठी पूर्वापार दिली जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांकडे लक्ष वेधले, आणि १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या निबंधाने ती जगभर गाजली. पण ती रक्तदाबावरील औषध म्हणून, झोपेचे म्हणून नव्हे.

झोपेचे शास्त्र याच काळात उभे राहत होते. हान्स बर्गर यांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. शिकागोचे नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ मध्ये एका सहकाऱ्यासह मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, हे त्यांनी पाहिले. १९५३ मध्ये त्यांनी व यूजीन असेरिन्स्की यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप दाखवून दिली. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी या सर्वांतून एक सुटसुटीत उपपत्ती मांडली. झोपेवर दोन शक्तींचा अंमल असतो: जागेपणी तासागणिक साचत जाणारी झोपेची ओढ आणि दिवसरात्रीशी बांधलेले देहातील घड्याळ. दोहोंचा मेळ बसला की झोप लागते. दुपारी तासभर लोळल्याने साचलेली ओढ खर्च होते. संध्याकाळच्या चहाने ती झाकली जाते, कारण चहातील कॅफिन ओढीचा रासायनिक निरोप मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही.

आता भाषेकडे परत येतो, कारण या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. मराठीत ‘मी निजलो’ असे म्हणताना कर्ता ‘मी’ असतो. ‘मला झोप लागली’ असे म्हणताना कर्ता ‘झोप’ होते आणि ‘मी’ चतुर्थीत जातो. भूक लागणे, तहान लागणे, ठेच लागणे, वेड लागणे यांच्याच कुळातले हे ‘लागणे’ आहे. ते घडते, केले जात नाही. आई मुलाला ‘नीज’ अशी आज्ञा करू शकते, परंतु झोप लागण्याची आज्ञा कोणाला करता येत नाही. तसा प्रयोग व्याकरणच होऊ देत नाही. ‘झोप काढणे’ हा वाक्प्रचार याला अपवाद वाटेल. पण झोप हाताशी आहे असे गृहीत धरूनच आपण तो वापरतो, तळमळणारा माणूस कधी वापरीत नाही. अंग टाकणे आपल्या हाती, झोप लागणे आपल्या हाती नाही, हा भेद मराठी बोलणाऱ्या कोणत्याही निरक्षर माणसाला भाषेनेच शिकविलेला असतो.

गेल्या अर्धशतकातील निद्राचिकित्सा याच भेदावर उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९७२ मध्ये रिचर्ड बूट्झिन यांनी सांगितलेले नियम पाहावेत: झोप येऊ लागेल तेव्हाच अंथरुणावर जावे, झोप लागत नाही असे वाटताच उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि पेंग आल्यावरच परतावे, अंथरुणात वाचन, हिशेब, चिंता करू नये, रात्र कशीही गेली तरी सकाळी नेमक्या वेळी उठावे. अंथरूण आणि तळमळ यांची जी गाठ बसलेली असते, ती सोडविणे हा त्यांचा हेतू. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी दुसरा उपाय मांडला. नऊ तास पडून राहून साडेपाच तासच झोपणाऱ्या माणसाने आरंभी साडेपाच तासच अंथरुणात राहावे. ओढ साचते, झोप सलग होते. मग पडून राहिलेल्या वेळापैकी शेकडा ८५ ते ९० भाग झोपेत जाऊ लागला की पंधरा-पंधरा मिनिटांनी मुदत वाढवावी. पाच तासांखाली मात्र कोणी उतरू नये. अपस्मार अथवा उन्माद-अवसादाचा विकार असलेल्यांनी आणि रात्री वाहन चालविणाऱ्यांनी तर वैद्याच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करूच नये. स्पीलमन यांचेच दुसरे विवेचन असे की, निद्रानाश सुरू करणारे कारण एक असते आणि तो टिकविणारे कारण दुसरेच. शोक, आजारपण, परीक्षा ही निघून जातात. पण त्या काळात लागलेल्या लवकर निजण्याच्या, दुपारी पडण्याच्या आणि घड्याळाकडे पाहण्याच्या सवयी मागे राहतात. धृतराष्ट्राचे उदाहरण आरंभक कारणाचे आहे. आपल्या दवाखान्यांत येणारे रोगी बहुधा टिकविणाऱ्या कारणांनी पीडित असतात. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिने हा त्रास चालला, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणावे, अशी आजची व्याख्या आहे. अशा रोग्यांना औषधापूर्वी ही वर्तनचिकित्सा द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याने ती एकाएकी सोडणे धोक्याचे असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. आणि घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाचा रोग वेगळा असल्याने त्याची तपासणीही वेगळीच व्हावयास हवी.

या उपचारांत रोग्याने झोपेची रोजनिशी ठेवावयाची असते, आणि येथे मराठी भाषिक डॉक्टरांची एक अडचण उद्भवते. ‘रात्री किती वाजता झोपता?’ हा नेहमीचा प्रश्न द्व्यर्थी आहे. ‘झोपणे’ हे क्रियापद अंग टाकणे आणि झोप लागणे या दोन्ही अर्थी चालते. रोगी बहुधा अंग टाकल्याची वेळ सांगतो, डॉक्टर ती झोप लागल्याची समजतो, आणि सारे गणित बिघडते. बोलीत भेद उपलब्ध असता प्रश्नात तो वापरला जात नाही, हे चमत्कारिक आहे. ‘अंग केव्हा टाकलेत?’ आणि ‘डोळा केव्हा लागला?’ असे दोन प्रश्न कोणत्याही खेड्यातील म्हातारीला समजतील.

परिभाषेच्या बाबतीतही थोडे सुचवावेसे वाटते. स्पीलमन यांच्या उपायाच्या इंग्रजी नावाचे ‘निद्रा-निर्बंध’ असे शब्दशः भाषांतर होऊ लागले आहे. आधीच झोपेला पारख्या झालेल्या माणसाने हे नाव ऐकताच दवाखाना सोडला, तर त्याला दोष देता येणार नाही. निर्बंध झोपेवर नसून अंथरुणावर आहे. तेव्हा ‘शय्याकाल-मर्यादा’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल. बूट्झिन यांच्या नियमांस ‘उद्दीपक-नियंत्रण’ म्हणण्याऐवजी ‘शय्यानियम’ म्हणावे. ‘निद्रानाश’ हा शब्द आता काढून टाकणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही; परंतु त्यातील ‘नाश’ शब्दशः घेऊन आपली झोप कायमची नष्ट झाली असे मानणारे रोगी डॉक्टरांना भेटत असतात. प्रयोगशाळेत रात्रभर आलेख घेतल्यावर, एक क्षणही डोळा लागला नाही असे सांगणाऱ्या यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात काही तास झोप घेतलेली आढळते. ते खोटे बोलत नसतात. त्यांची झोप उथळ असते आणि मन जागेपणाचीच नोंद ठेवते. अशा रोग्यांसाठी बोलीतील ‘झोप चाळवणे’ हा शब्द वैद्यकीय परिभाषेत घ्यावा, अशी सूचना संबंधित परिभाषाकारांपुढे विचारार्थ ठेवतो.